काटा वर चढवून इंजिन वाचत नाही

जुन्या मोटारींच्या व्यवहारात इंजिनाचा निकाल फार लवकर लागतो, आणि तो लागतो एका काट्यावर. रस्त्यावर धावताना तेलाचा दाब चौरस इंचाला ६० पौंड दिसला की इंजिन ठणठणीत ठरते. तीच मोटार तासाभराने सिग्नलला उभी असताना काटा १५ वर उतरला की ‘बेअरिंग गेले’ असे सांगितले जाते. मग एक तर इंजिन उतरवून खोलले जाते, नाहीतर आधीपेक्षा जाड तेल ओतून काटा पुन्हा वर आणला जातो. पहिल्या वाटेने चांगले इंजिन विनाकारण उघडले जाण्याचा धोका असतो, दुसऱ्या वाटेने झिजलेल्या इंजिनाचे दुखणे झाकले जाण्याचा. या दोन्ही चुका एकाच समजुतीतून निघतात. दाब म्हणजेच तेलाचा पुरवठा, आणि दाब जितका जास्त तितके इंजिन सुरक्षित, ही ती समजूत. ती चुकीची आहे, आणि तिची किंमत इंजिन मोजते.

हा प्रश्न हौशी मंडळींपुरता आहे म्हणून सोडून देण्यासारखा नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या, मूळ रूपात मोठे फेरफार न केलेल्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी ओळख आणि ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक दिला. मोटारीचे मूळपण हीच तिची किंमत, हे त्यातून कायद्यानेही मान्य झाले. पण मूळ इंजिनाचे आयुष्य अमर्याद नसते. अ‍ॅम्बेसेडरला वर्षानुवर्षे ओढणारे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारीचे १७९८ सीसीचे इंजिन ही दोन्ही बीएमसीच्या ‘बी-सीरिज’ या एकाच घराण्यातली. एमजीबीचा क्रँक घासून पुन्हा बसवायचा तर इंचाच्या दहा, वीस, तीस आणि चाळीस हजारांशांपर्यंत कमी करता येतो. त्यापुढे त्या मापाची बेअरिंग मिळत नाहीत. काटा चुकीचा वाचून विनाकारण केलेले प्रत्येक ग्राइंडिंग त्या मोजक्या संधींपैकी एक संपवते. दुखणे झाकून चालवलेले इंजिन तर एखाद्या दिवशी क्रँकच घेऊन बसते.

दाब येतो कुठून, हे आधी नीट पाहायला हवे. इंजिनातला तेलपंप दाब तयार करत नाही. तो प्रत्येक फेऱ्याला ठरावीक मापाचे तेल पुढे ढकलतो, इतकेच त्याचे काम. ते तेल मुख्य वाहिनीतून क्रँकच्या बेअरिंगांकडे, कॅमशाफ्टकडे आणि वर रॉकरकडे जाते, आणि तिथल्या बारीक फटींतून पिळून बाहेर पडून खाली चेंबरमध्ये परत येते. त्या फटी तेलाला जो अडथळा करतात, तो काट्यावर दाब म्हणून दिसतो. म्हणजे काटा प्रवाह मोजत नाही, प्रवाहाला होणारा विरोध मोजतो. ठिबक सिंचन वापरणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. ड्रिपर तुंबले की दाबमापकावरचा आकडा वाढतो, जादा पाणी बायपासमधून मागे वळते आणि झाडाच्या मुळाशी मात्र कमी पाणी पोहोचते. वाढलेला आकडा पाहून तो खूश होत नाही, नळ्या तपासायला जातो. इंजिनातही तेल गारठून घट्ट झाले, वाहिनीत गाळ साचला किंवा जादा तेल मागे सोडणारा रिलीफ व्हॉल्व बंद अवस्थेत अडकला, तर काटा वर जातो, आणि यांपैकी एकही गोष्ट इंजिनाच्या भल्याची नाही. बरे, दाब मोजला जातो तो मुख्य वाहिनीवरच्या एका ठिकाणी. त्याच्या पुढे एखाद्या अरुंद वाटेत गाळ बसला असेल, तर काटा समाधानकारक आकडा दाखवत राहील आणि टोकाचा रॉकर कोरडा घासत राहील.

यावर कोणी विचारेल की क्रँकला बेअरिंगपासून अलग ठेवतो तो हाच दाब ना? नाही. या प्रश्नाचे उत्तर मोटारगाडीचा जन्म होत असतानाच मिळाले होते. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्यूशां टॉवर हा इंग्रज अभियंता तिथल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेसाठी रेल्वेच्या आसांसारख्या बेअरिंगांवर प्रयोग करत होता. आस खालून तेलात बुडालेला होता. टॉवरने वर टेकलेल्या बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालण्यासाठी एक भोक पाडले. यंत्र सुरू होताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी उसळून बाहेर येऊ लागले. त्याने लाकडी खुंटी ठोकून भोक बंद केले, तर तेलाने खुंटीच बाहेर ढकलली. शेवटी तिथे दाबमापक जोडला तेव्हा दाब चौरस इंचाला २०० पौंडांच्या वर गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार मात्र फक्त १०० पौंडांचा होता. त्या तेलाला कोणताही पंप जोडलेला नव्हता. फिरणारा आस स्वतःच तेलाला निमुळत्या फटीत ओढत होता, आणि त्या ओढीतून तयार झालेला दाब सगळा भार तोलत होता. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने यामागचे गणित मांडले आणि आजही बेअरिंगांची रचना त्याच समीकरणावर होते. इंजिनात पेट्रोलचा स्फोट होतो तेव्हा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमधल्या तेलाच्या थराला पंपाच्या दाबाच्या कितीतरी पट दाब पेलावा लागतो. पंपाच्या ६०-७० पौंडांनी तो पेलला असता, तर एकही इंजिन पहिल्या घाटाच्या पुढे गेले नसते.

मग पंपाच्या दाबाला काही अर्थच नाही, असा निष्कर्ष काढणे हीसुद्धा तितकीच मोठी चूक ठरेल. आस तेलाचा थर स्वतः तयार करतो, पण त्यासाठी फटीत तेल सतत भरलेले असावे लागते, आणि घर्षणाची उष्णता वाहून नेणारे तेलही तेच असते. शिवाय कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला तेल जाते ते क्रँकच्या पोटात पाडलेल्या भोकांतून. क्रँक वेगाने फिरू लागला की केंद्रापासून दूर फेकणारा जोर आत शिरू पाहणाऱ्या तेलाला मागे लोटतो, आणि त्याच्यावर मात करायला वाढत्या वेगाबरोबर वाढता दाब लागतो. अमेरिकी व्ही-८ इंजिने बांधणाऱ्या कारागिरांमध्ये दर हजार फेऱ्यांना १० पौंड असा जो ढोबळ ठोकताळा चालतो, त्याला आधार याचाच आहे. यातूनच स्लो स्पीडवरचा कमी दाब का चालतो, हेही समजते. तिथे फेरे कमी, भार कमी, आणि तेलाला मागे ढकलणारा जोर नगण्य. एमजीबीच्या पुस्तिकेत गरम इंजिनासाठी चालत्या मोटारीत ५० ते ८० पौंड आणि स्लोवर १० ते २५ पौंड असा दाब दिलेला आहे. म्हणजे सिग्नलवर १५ दिसल्याने ज्या मालकाची झोप उडते, त्याची मोटार कारखान्याने आखलेल्या मर्यादेच्या आतच असते.

कारखान्यांची भाषा किती काटेकोर असते, याचे उत्तम उदाहरण फोक्सवॅगन बीटल. तिच्या एअर-कूल्ड इंजिनासाठी कंपनीने दिलेला दाब असा: एसएई ३० दर्जाचे तेल, त्याचे तापमान ७० अंश सेल्सिअस आणि मिनिटाला २५०० फेरे असताना ४२ पौंड; झिजेची मर्यादा २८ पौंड. आकड्याच्या आधी तीन अटी आहेत, आणि त्या तिन्ही पाळल्या तरच आकड्याला अर्थ आहे. आपल्याकडच्या गप्पांत, विक्रीच्या जाहिरातीत आणि गॅरेजच्या निदानात त्या अटी गळून पडतात आणि नुसता आकडा उरतो. यांपैकी तापमानाची अट सर्वांत जड. आज जुन्या मोटारींत सर्रास वापरले जाणारे २०डब्ल्यू-५० तेल १०० अंशांना जितके दाट असते, त्याच्या आठ-नऊ पट ते ४० अंशांना असते. पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटेचा काटा आणि मे महिन्यात खोपोलीहून बोरघाट चढून आल्यानंतरचा काटा यांची तुलना होऊच शकत नाही. यात आणखी एक फसवी गोष्ट आहे. पाण्याच्या तापमानाचा काटा थर्मोस्टॅटमुळे एका जागी स्थिर राहतो, आणि आपण समजतो की इंजिन काल होते तितकेच आज गरम आहे. तेलाला थर्मोस्टॅट नसतो. दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढताना पाणी नेहमीच्या जागी असते आणि तेल मात्र तापत जाते. दाब त्यामुळे उतरतो, झिजेमुळे नव्हे.

यापुढचा मुद्दा सर्वाधिक दुर्लक्षित आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एमजीबीचा रिलीफ व्हॉल्व साधारण ७० पौंडांना उघडतो आणि जादा तेल थेट चेंबरमध्ये सोडून देतो. इंजिन थंड असताना, तेल घट्ट असताना थोडी रेस दिली की काटा ७० पर्यंत जातो आणि तिथेच ठरतो. नव्या इंजिनात तो तिथे ठरतो, आणि निम्मे आयुष्य संपलेल्या इंजिनातही. तो आकडा इंजिनाचा नव्हे, व्हॉल्वच्या स्प्रिंगचा आहे. झीज शोधायची तर उलट टोकाला जायला हवे: इंजिन पूर्ण तापलेले, तेल पातळ झालेले, फेरे कमी, पंपाचा पुरवठा सर्वांत तोकडा आणि व्हॉल्व पूर्ण बंद. त्या वेळी पंपाने दिलेला प्रत्येक थेंब बेअरिंगांच्या फटींतूनच जातो आणि फटी किती वाढल्या आहेत याची खरी नोंद काट्यावर उमटते. ही नोंद तीव्र असते, कारण फटीतून गळणारे तेल फटीच्या मापाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पाच शतांश मिलिमीटरची फट झिजून दहा शतांश झाली, तर त्याच दाबाला आठपट तेल निसटते. पंप तेवढे पुरवू शकत नाही, म्हणून दाब कोसळतो. पण वेग वाढवला की पंपाकडे पुरवठा मुबलक होतो आणि काटा पुन्हा ऐटीत उभा राहतो. महामार्गावरच्या आकड्यावर समाधान मानणारा मालक नेमका तोच आकडा पाहत असतो, ज्यात झीज सर्वांत उशिरा दिसते. काही ठिकाणी रिलीफ व्हॉल्वच्या स्प्रिंगखाली वॉशर घालून ‘प्रेशर वाढवून’ दिले जाते. गरम इंजिनाच्या स्लोवर तो व्हॉल्व बंदच असल्याने खऱ्या दुखण्यात त्याने तसूभर फरक पडत नाही. वाढतो तो फक्त थंड इंजिनातला दाब, आणि त्याबरोबर फिल्टरच्या सीलवरचा आणि पंप फिरवणाऱ्या गिअरवरचा ताण.

जाड तेलाच्या बाजूने होणारा युक्तिवाद मात्र पोकळ नाही, आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. जुन्या इंजिनांच्या फटी मुळातच सैल, आपली हवा उष्ण, आणि खुद्द कंपन्यांनीच यांपैकी कित्येक इंजिनांना २०डब्ल्यू-५० सुचवलेले. मग नागपूरच्या ४५ अंशांत त्याहून थोडे जाड तेल घातले तर बिघडले कुठे? पुस्तिकेने हवामानानुसार जो दर्जा सांगितला आहे तो वापरावाच. झिजलेल्या, तापलेल्या इंजिनात जाड तेलाचा थर खरोखर अधिक टिकतो, हेही नाकारण्याचे कारण नाही. पण पुस्तिकेच्या पलीकडे जाण्याची किंमत दुसरीकडे वसूल होते. सकाळी इंजिन सुरू होते तेव्हा जाड तेल लांबच्या रॉकरपर्यंत पोहोचायला जास्त वेळ घेते, आणि थंड इंजिन पळवले की त्याचा मोठा हिस्सा रिलीफ व्हॉल्वमधूनच मागे वळतो. जुनी मोटार बहुधा रविवारी बाहेर निघते, थोडी फिरते आणि परत झाकली जाते. म्हणजे तिचे बरेचसे आयुष्य तेल पुरते तापण्याच्या आधीच्या काळात जाते, आणि जाड तेल सर्वांत जास्त नुकसान त्याच काळात करते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे जाड तेल दाब का उतरला या प्रश्नाचे उत्तरच पुसून टाकते. मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल चेंबरमध्ये झिरपत असेल, तरीही तेल पातळ होऊन काटा उतरतो. डिपस्टिक काढून वास घेतला आणि पातळी आपोआप वाढली आहे का ते पाहिले, तर हा दोष लगेच सापडतो. तसे न करता जाड तेल ओतले, तर तेही काही दिवसांत पेट्रोलाने पातळ होणारच.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. काटा इतका बेभरवशाचा असेल, तर नुसता लाल दिवा काय वाईट? मोटार उद्योगाने हा मार्ग स्वीकारलाच आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फोर्डच्या अनेक अमेरिकी मोटारींत आणि १९९५ पासून माझदाच्या मिआटा स्पोर्ट्स मोटारीत दाबाचा काटा डॅशबोर्डवर तसाच ठेवून त्याच्यामागे साधा स्विच बसवण्यात आला. किमान दाब असला की काटा मधोमध उभा, नसला की तळाला. खरा काटा हलतो आणि ग्राहक घाबरून सर्व्हिस सेंटर गाठतात, हे याचे कारण सांगितले जाते. मला हा मार्ग अजिबात पटत नाही. बीटलच्या लाल दिव्याचा स्विच साधारण २ ते ६ पौंडांच्या दरम्यान कधीतरी लागतो. स्लोवर तो इशारा उपयोगी आहे, पण मिनिटाला ३००० फेऱ्यांनी धावणाऱ्या इंजिनाचा दाब ५० वरून २० वर आला तर दिवा गप्पच राहील, आणि तो लागेल तोपर्यंत बेअरिंगचा पातळ मुलामा निघालेला असेल. दिव्याला फक्त शेवट कळतो. काटा शेवटाकडे जाणारी वाट दाखवतो. लोकांना वाचता येत नाही म्हणून मजकूर पुसून टाकणे हा उपाय असू शकत नाही.

वाचायला शिकणे अवघडही नाही. आधी काट्यावरच संशय घ्यावा. १८४९ मध्ये फ्रान्सच्या यूजेन बूर्दोंने शोधलेल्या वाकड्या नळीच्या तत्त्वावर चालणारे यांत्रिक मापक आजही विश्वासाचे आहे. विजेच्या मापकाला दाबाचा संकेत पाठवणारे सेंडर मात्र वयाबरोबर भरकटतात. जग्वारच्या जुन्या मोटारींचे मालक याबद्दल वर्षानुवर्षे तक्रार करत आले आहेत. म्हणून इंजिन उतरवण्याआधी सेंडर काढून त्या जागी चाचणीचे यांत्रिक मापक लावून पाहणे, हे कोणत्याही मिस्त्रीचे पहिले काम असायला हवे. नंतर तेल बदलल्यावर त्याच तेलावर तीन नोंदी कराव्यात: थंड इंजिन सुरू करताना दाब यायला लागलेला वेळ, अर्धा तास चालवल्यानंतर ३००० फेऱ्यांचा दाब, आणि लगेच स्लोवरचा दाब. पुढच्या तेलबदलाला तशाच परिस्थितीत पुन्हा तीन नोंदी. स्लोचा आकडा दोन-तीन वर्षांत २० वरून १५ वर आला असेल तर ती वयाची चाल आहे. तेल तेच, हवा तीच असताना तो महिन्याभरात २० वरून ८ वर आला असेल तर ती बातमी आहे. वळणावर किंवा जोरात ब्रेक लावल्यावर काटा क्षणभर पडत असेल तर आधी तेलाची पातळी पाहावी. आणि धावत्या मोटारीत काटा अचानक शून्यावर गेला, तर मापक बिघडले की पंप, याचा विचार इंजिन बंद करून रस्त्याच्या कडेला उभे राहिल्यावर करावा, आधी नाही.

जुनी मोटार विकत घेणाऱ्यांना विशेष विनंती. थंड इंजिन सुरू करून दाखवलेला उंच काटा हा कोणताही पुरावा नाही. तेलाचा दर्जा कोणता आणि ते कधी घातले, हे विचारा, मोटार किमान अर्धा तास चालवा आणि मगच स्लोवरचा दाब पाहा. विक्रेता त्याला तयार नसेल, तर मोटार कितीही देखणी असली तरी इंजिन झिजलेले आहे असे गृहीत धरूनच किंमत बोला. आणि गॅरेजमालकांनो, ग्राहक ‘काटा वर आणून द्या’ म्हणाला, तर त्याला आधी मोटारीची पुस्तिका उघडून तिथला आकडा दाखवा.